मैनाबाई, कॅनव्हासवर तैलरंग

आईचं चित्र काढायला गेले आणि आईलाच मारून बसले. यात माझी चूक किती, माझ्या भावाची किती आणि रायपूरच्या प्रांजलीची किती, हे घरात अजून ठरलेलं नाही. आई म्हणते, तिघंही सारखेच येडे. मला ते मान्य नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी एका माणसाने माझं चित्र थोडा वेळ थांबून, डोळे उघडे ठेवून बघावं. बाकीचा सगळा गोंधळ त्या दोघांनी घातला.

दुसऱ्या लाटेतला एप्रिल होता. भिलाईत सगळं बंद आणि स्टील प्लांट तेवढा चालू, कारण भट्टीला लॉकडाऊन कळत नाही. माझा भाऊ भूपेंद्र रोज शिफ्टला जायचा आणि परत आला की अंगणातल्या नळावर आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचा. वंदनावहिनी बाळंतपणाला गोंदियाला गेली ती तिकडेच अडकली. त्यामुळे सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरात मी आणि आई दिवसभर समोरासमोर. मी एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. तेव्हा मोबाइलवर शिकवत होते, म्हणजे पोरं कॅमेरा बंद करून झोपत होती आणि मी एकटीच फुलदाणी काढत होते.

त्या दिवसांत मी आईला रंगवलं. साडेतीन फूट उंच कॅनव्हास. मागच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आई लसूण सोलते आहे, मास्क हनुवटीखाली ओढलेला. बसताना तिची कटकट संपायची नाही. "मले इथं बसवून ठेवते, अन भाजी कोन टाकन? तुहा बाप?" बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कामाला कुणी नसलं की ती त्यांनाच बोलावते. चित्र पूर्ण झालं तेव्हा तिने लांबूनच एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मास्क वर करून दे. पोलीस पकडतीन." यापलीकडे तिचं काही मत नव्हतं.

माझं मत होतं. चित्र चांगलं झालं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं रंग घासून पहिल्यांदाच मला वाटलं होतं की आता हे भिंतीवर लागावं आणि लोकांनी समोर उभं राहावं.

आणि ते लागणारही होतं. रायपूरच्या एका गॅलरीत आमचं काही चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं होतं. लॉकडाऊन लागला आणि प्रदर्शन ऑनलाइन झालं. त्याची क्युरेटर प्रांजली. रायपूरचीच, पण पुण्यात शिकून आलेली. तिचं मराठी असं की आई तिला स्पीकरवर ऐकून बातम्या लागल्या समजते. प्रांजलीने मला फोन करून समजावलं की ही संधी आहे, पाहण्याची पद्धतच बदलते आहे, आता प्रेक्षक घरबसल्या गॅलरीत फिरेल.

मी फिरून बघितलं. कॉम्प्युटरवर एक खोटी खोली उघडायची. खोटी लाकडी फरशी, खोटे दिवे, मधोमध एक बाक, ज्यावर कुणालाही कधीही बसता येणार नव्हतं. बाणाची बटणं दाबून पुढे जायचं. मी पुढे गेले ती थेट भिंतीत घुसले आणि बाहेर यायला मला अख्खा चहा गार करावा लागला. शेवटी आई सापडली. साडेतीन फुटांची माझी आई पोस्टाच्या तिकिटाएवढी होऊन कोपऱ्यात लटकत होती. जवळ जाऊन मोठं केलं तर लसणाचे नुसते चौकोन दिसायला लागले.

"प्रांजली, रंगाचा थर दिसत नाही गं. मी तो हाताने चढवलाय," मी फोनवर म्हटलं.

"हो ना! आणि तो न दिसणं हेच आपल्या प्रदर्शनाचं विधान आहे," ती म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. फोनवर तिला तो दिसला नाही, तेही बहुधा विधानच असावं.

मग पोस्टर आलं. प्रत्येक चित्रकाराला आपापल्या चित्राचं एकेक. प्रांजलीने माझ्या चित्रातला लसूण कापला, खुर्ची कापली, हनुवटीखालचा मास्क कापला आणि नुसता आईचा चेहरा काळ्याभोर पार्श्वभूमीवर ठेवला. चेहरा खाली बघणारा, कारण लसूण सोलताना माणूस खालीच बघतो. त्याखाली मोठ्या अक्षरात आईचं नाव, "मैनाबाई". त्याखाली "२०२१". त्याखाली "रविवार, सकाळी ११ वाजता, ऑनलाइन" आणि लिंक. माझं नाव इतक्या बारीक अक्षरात की ते शोधायला भिंग लागलं असतं. मी नावावरून भांडले. बाकी पोस्टरकडे माझं लक्षच गेलं नाही.

ते वर्ष ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फोन उघडला की काळ्या चौकटीत एक चेहरा, खाली नाव, खाली लिंक. स्मशानात जायला बंदी, म्हणून शोकसभाही झूमवरच. आमच्या नातेवाइकांना त्या महिन्यात अशी पोस्टरं इतकी आली होती की ते वाचत नव्हते, फक्त चेहरा ओळखत होते.

तरीही निभावलं असतं. पण शनिवारी संध्याकाळी भूपेंद्रने ते "आपली माणसं" या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. या ग्रुपमध्ये मी नव्हते. कापूर-लवंगेच्या पुरचुंड्यांनी कोरोना पळतो हे सतराव्यांदा वाचल्यावर मी रागाने बाहेर पडले होते. भूपेंद्रला वाटलं, बहिणीचं प्रदर्शन आहे, आपणच चार लोकांना सांगावं. त्याने लिहिलं, "आई. उद्या सकाळी अकरा वाजता सर्वांनी उपस्थित राहावे." आणि पुढे जोडलेले दोन हात. भूपेंद्र प्रत्येक मेसेजला हात जोडतो. सिलिंडर संपला तरी जोडतो. एवढं करून तो नाइट शिफ्टला निघून गेला आणि तिथून पुढची शिफ्ट बदली माणूस न आल्यामुळे त्याच्याच गळ्यात पडली. फोन लॉकरमध्ये.

कुणीही फोन केला नाही. तुमसरहून नाही, गोंदियाहून नाही, भिलाईतूनही नाही. त्या दिवसांत ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला फोन करून काय विचारायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. लोक टाइप करून मोकळे व्हायचे. आईच्या साध्या फोनवर तर कुणी करणार नव्हतंच. मेलेल्या बाईला कोण फोन लावतं?

रविवारी सकाळी फाटकाला एक डबा अडकवलेला सापडला. समोरच्या ब्लॉकमधल्या रुक्माकाकूंचा. लांबच्या नात्यातल्या, म्हणून त्याही त्या ग्रुपमध्ये. आत पिठलं आणि भाकर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण देतात, ही आमच्याकडची रीत. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. घरातली चूल पेटलेली होती आणि आई तिच्यासमोर ठणठणीत उभी होती.

"रुक्मा चांगली हाय वो," आई म्हणाली. "लॉकडाऊनमंदी बी आठवन ठेवते." तिने तिथेच बसून पिठलं खाल्लं. स्वतःच्या मयतीचं पिठलं! आणि वर म्हणाली, "मीठ कमी टाकलं."

अकरा वाजता मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. चांगली साडी नेसले होते. झूमवर एकेक चौकोन उघडायला लागला आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. तुमसरची मोठी काकू. चुलतभाऊ तेजरामदादा. दुर्गची आत्या. ज्यांनी आयुष्यात माझं एक चित्र पाहिलं नव्हतं, "काय करते पोरगी, रांगोळी काढते काय" असं जे विचारायचे, ते सगळे माझ्या उद्घाटनाला हजर. पान दोन वेळा उलटावं लागलं, इतके चौकोन. बाकीच्या चित्रकारांचे घरचे जेमतेम दोनचार. मला भरून आलं. मनातल्या मनात मी सगळ्यांची माफी मागितली आणि ग्रुपमध्ये परत जायचंही ठरवलं.

तेजरामदादाने नुकती आंघोळ केलेली दिसत होती, डोक्यावर पांढरा दुपट्टा होता. काकू पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, मास्कऐवजी.

खालच्या ओळीत एका चौकोनात भाऊराव मामा होता. आईचा धाकटा भाऊ. बोरसीला राहतो, आमच्यापासून स्कूटरने अर्धा तास. प्लांटमध्ये नोकरी लागण्याआधी तो आमच्याच घरी राहिला होता, आईच्या हातचं खाऊन नोकरीला लागला होता. भूपेंद्रच्या लग्नात मामाच्या मानाचं धोतर द्यायचं घाईत राहून गेलं. मामा मांडवातून उठून गेला. आई म्हणाली, "मी त्याले लहानाचा मोठा केला, अन तो धोतर मोजते?" तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. मामा ग्रुपमध्ये होता, कारण त्याला काढायची हिंमत कुणात नव्हती, पण कधी एक अक्षर लिहीत नव्हता. त्याला तिथे बघून मला जरा आश्चर्य वाटलं. मग वाटलं, माझ्यासाठी आला असेल.

प्रांजली एवढी गर्दी बघून हरखून गेली. आधी तिने प्रदर्शनाबद्दल बोलून घेतलं, तेही असल्या पुस्तकी मराठीत की आमच्याकडच्या कुणाला त्यातलं काही कळलं नसावं. मग माझं चित्र पडद्यावर घेतलं. पूर्ण चित्र, लसणासकट, मास्कसकट. आणि म्हणाली, "आपण हल्ली चित्रावरून नुसतं बोट फिरवतो. आज तसं नको. आता दोन मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही. फक्त रेणूचं चित्र आणि आपण."

मी तिला आजवर मनात जेवढ्या शिव्या दिल्या होत्या त्या सगळ्या परत घेतल्या. दोन मिनिटं! गॅलरीतसुद्धा कुणी एका चित्रासमोर दोन मिनिटं थांबत नाही.

आणि माझे सगळे नातेवाईक उभे राहिले. एकेक करत, आपापल्या घरात, आपापल्या चौकोनात. त्यांनी हात जोडले, माना खाली घातल्या आणि डोळे मिटले.

मी बघतच राहिले. मोठ्या काकूचे डोळे बंद. आत्याचे बंद. तेजरामदादाचं तर नुसतं पोट दिसत होतं, कारण तो उभा राहिला आणि फोन खालीच राहिला. माझ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या चित्रासमोर एवढी माणसं जमली होती आणि एकजण बघेल तर शपथ! कुणीतरी बघा रे, असं ओरडावंसं वाटत होतं, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

एकाच चौकोनात डोळे उघडे होते. मामाचे. तो उभाही राहिला नव्हता. त्याने चष्मा कपाळावर चढवला होता आणि नाक जवळजवळ पडद्याला लावलं होतं. त्याच्या चौकोनात एक डोळा आणि अर्धा गाल एवढंच दिसत होतं, आणि तो डोळा हलत नव्हता.

दोन मिनिटं झाली. तेजरामदादाने आवाज चालू केला आणि घसा साफ करून म्हणाला, "मैनाकाकूच्या आत्म्याले शांती लाभो. फार कष्ट केले काकूनं."

"कोन मेलं वो?" मागून आई आली. हातात झारा. माझ्या खांद्यावरून वाकून ती कॅमेऱ्यात बघायला लागली. "तेजराम होय काय तो? कावून रडून राहिला?"

मोठी काकू किंचाळली. तिचा फोन पडला आणि तुमसरच्या घरचा पंखा गरगरताना दिसायला लागला. आत्या हात जोडून "माय माय माय" करत होती. कुणीतरी "हटाव, हटाव" ओरडत होतं, काय हटवायचं होतं देव जाणे. रुक्माकाकू चौकोनात मटकन बसल्या आणि मग झूम सोडून थेट आपल्या खिडकीत येऊन आमच्या घराकडे बघायला लागल्या. एवढ्यात प्रांजलीचा मेसेज आला, "रेणू, तू आधी सांगायला हवं होतंस, हा परफॉर्मन्स होता! अप्रतिम." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळपर्यंत फोनच फोन. आयुष्य वाढलं म्हणून सगळे आईचं अभिनंदन करत होते. आई मजेत होती. कोण किती रडलं याची तिने माझ्याकडून दोनदा उजळणी करून घेतली. भूपेंद्र घरी आला, त्याने नळावर आंघोळ केली, ग्रुप उघडला आणि खुर्चीवर बसून राहिला. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. त्याने हात जोडले. चित्राबद्दल मात्र एका माणसाने एक शब्द काढला नाही.

"अन भाऊराव?" आईने शेवटी विचारलं. "तो होता काय?"

"होता."

"रडला?"

"नाही. चित्र पाहत होता."

आई उठून आत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला. माझ्या फोनवर, आईच्या नाही.

"रेणू, ते चित्र अजून दिसते काय?"

"दिसतं ना मामा. तीच लिंक उघड, मग बाणाचं बटण दाबून..."

"लिंक नको सांगू. त्या खोलीत मी काल दिवसभर भिताडात अडकून होतो. खरं चित्र कुठी हाय?"

"घरीच आहे. पलंगामागं."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने फाटकाशी स्कूटर थांबली. मामाने दोन मास्क लावले होते आणि खिशातून औषधांची चिठ्ठी डोकावत होती, रस्त्यात पोलिसांना दाखवायला. तो आत आला नाही. फाटकाबाहेरूनच मोठ्याने म्हणाला, "मी चित्र पाहाले आलो." हे माझ्यासाठी नव्हतं. एवढ्या मोठ्याने माझ्याशी बोलायची गरज नव्हती.

जाळीच्या दारामागून आईचा आवाज आला, "चित्र पाहाले आला ना, पाहू दे मंग. मी कावून बाहेर येऊ?"

मला त्या दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. रोज ओळखीतलं एखादं माणूस जात होतं आणि ही दोघं अजून त्या धोतराला धरून बसली होती. मी पलंग ओढला, चित्र काढलं आणि एकटीने ओढत व्हरांड्यात आणलं. भिंतीला टेकवलं तर उन्हाने तैलरंग चमकायला लागला.

"काहीच दिसून नाही राहिलं," मामा फाटकावरून म्हणाला. "जरा उचल, तिरपं धर."

मी उचललं. तिरपं धरलं. साडेतीन फुटी लाकडी चौकट आणि वर एवढा रंग, हलकं काम नव्हतं.

मामा फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला आणि बघायला लागला. खरंच बघायला लागला. वरून खाली, मग परत वर.

"केस एवढे पिकले?" त्याने विचारलं. मला विचारलं.

"तुह्ये नाही पिकले काय?" उत्तर जाळीमागून आलं.

"गाल बसला डाव्या बाजूचा. दाढ काढली काय इनं?"

"दोन काढल्या. कोनी इचाराले नाही आलं."

"अन मनगटावर हे काय हाय? भाजलं?"

लसणाच्या सालांमध्ये, मनगटाशी, मी एक फिकट गुलाबी डाग ठेवला होता. नखाएवढा. तो रंग जुळवायला मला एक अख्खी दुपार लागली होती. प्रांजलीला तो दिसला नव्हता, आईलासुद्धा दिसला नव्हता. आणि हा माणूस फाटकाबाहेरून, वाफ धरलेल्या चष्म्यातून तो शोधून विचारत होता.

"पोयाच्या सणाले तेल उडालं," जाळीमागचा आवाज जरा खाली आला होता. "वडे तळून राहिली होती."

मामाने मान हलवली. माझे दंड भरून आले होते. "मामा, खाली ठेवू का?" मी विचारलं. तो त्या डागाकडेच बघत होता.

जाळीचं दार करकरलं. आई बाहेर आली आणि माझ्या बाजूला, चित्राला लागून उभी राहिली. मास्क हनुवटीखालीच होता.

"इकडं पाय ना, भाऊ," ती म्हणाली. "मी इथं उभी हाय, जित्ती. त्या फडक्यात काय पाहून राहिला?"

फडकं! माझ्या चित्राला फडकं! मी तोंड उघडणार होते, पण मामाकडे लक्ष गेलं. त्याने आईकडे बघितलं नव्हतं. त्याची नजर चित्रावरच होती आणि गजांवरची त्याची बोटं घट्ट वळलेली होती.

"पाहतो, बाई," तो म्हणाला. "शनिवारी ते आलं, तवा मी तुह्या नावानं आंघोळ केली. घरच्या नळाखाली, एकटा बसून. आता एकदम तुह्याकडं पाहाची हिंमत नाही होऊन राहिली. आधी इले पाहू दे."

आईने पदर तोंडाला लावला. मी चित्र आणखी थोडं वर धरलं.